तीन बोटं उंचीचं घर

झोपडी नेहमी उजव्या हाताला, खाली.
चाळीस वर्षं इतवारीत फ्रेमा ठोकतोय,
टेपशिवाय सांगतो:
डोंगर वीतभर, आभाळ दीड वीत
आणि घर तीन बोटं.
त्याहून मोठं झालं की गिऱ्हाईक म्हणतं,
जरा गरिबी वाटते हो.

तीन बोटांत मात्र शांती वाटते.
रामदासपेठेतल्या डॉक्टरांना ती वेटिंग रूममध्ये हवी,
दाढा धरून बसलेल्यांच्या समोर.
बेसा रोडच्या बिल्डरला सॅम्पल फ्लॅटमधल्या सोफ्यावर.
सोफा मरून आहे,
कवेलू थोडे मरून करून मिळतील का?
मिळायचे.
पुंडलिक बारापात्रे करून द्यायचे,
विझलेली बिडी कानामागे ठेवून,
तासाभरात, त्याच पैशात.

बारापात्रे पाचपावलीचे.
हातमागाच्या खड्ड्याशेजारी जन्म,
गल्ली अशी की सायकल उभी केली
तर माणसानं आडवं व्हावं.
कुडाच्या घरात एक रात्र काढली नव्हती त्यांनी.
मग ही झोपडी येते कुठून, विचारलं एकदा.
म्हणाले, एवढं आभाळ, एवढं पाणी,
डोळा चालून चालून दमते ना बाप्पा,
त्याले बसाले पाट नको?

शेवंता उईके काचा पुसायला यायची.
ओला पेपर, मग कोरडा पेपर, मग पदर.
मे महिना, कूलरच्या टाकीत पाणी नाही,
खसाला नुसता जुना वास.
एका चित्रापाशी तिचा हात थांबला.
"याले धुराडं काहून काढलं जी?
आमच्या घरी धूर असा दोरीवानी नसे निघत,
कवेलूच्या फटीफटीतून निघे.
सारं घर वाफे, भात उतरवल्यावानी.
अन् दार मावळतीकडं?
वैशाखात झळ काय तुमच्या घरात घेता?"

बारापात्रे स्टुलावर होते.
ब्रश पाण्यात ढवळत राहिले,
पाणी केव्हाच काळं झालेलं.

त्यानंतर धुराडी गेली.
धूर छपरावर पसरू लागला, बिनआकाराचा.
दारं पलीकडं वळली,
आपल्याकडं नुसती भिंत, पोतेऱ्याचे हात उमटलेली.
लोक विचारत, घरात कोणी नाही का हो?
आहेत की, बारापात्रे म्हणत, पाठमोरे आहेत.
विक्री बसली.
मी स्पष्टच सांगितलं त्यांना,
दादा, धुराडं चालतं.

दिवाळीआधी मोतीबिंदू पिकला.
ऑपरेशनच्या दोन दिवस आधी एक चित्र घेऊन आले:
डोंगर, तलाव, मोहाचं झाड,
आणि उजव्या हाताला, खाली,
कोरा कॅनव्हास. पेन्सिलीची रेघसुद्धा नाही.
राहिलं का?
नाही, तसंच.
पन्नास रुपये उचल घेतली, पायऱ्या चाचपत उतरले.
डोळा बरा झाला म्हणतात.
दुकानाकडं काही आले नाहीत.

मी सागाची फ्रेम घातली, काच बसवली.
शेवंता पुसत पुसत खाली आली, कोऱ्या जागेवर.
"हे बराबर हाये," म्हणाली.
"धरण भरलं तवा असंच राह्यलं आमचं.
पाणी एवढं, मोह एवढा,
अन् मंधात..."
पेपरची कोरडी बाजू शोधायला
तिला जरा वेळ लागला.

परवा मनीषनगरचं एक जोडपं आलं.
नवीन फ्लॅट, हॉलची भिंत रिकामी.
छान आहे, बाई म्हणाल्या,
पण इथं काहीतरी हवं ना?
एखादं छोटंसं घर?

टेप खिशातच होती.
काढली नाही. काचेवरून
बोटं लावून पाहिली कोऱ्या जागेला.
तीन नव्हती.
चार, साडेचार भरली.
माझी बोटं तरी जाड आहेत.